मखमलीखालची अक्का

आमच्या अण्णांना कापडातलं ओ की ठो कळत नसे. स्वतःच्या लग्नाचा कोट त्यांनी असला ढगळ शिवून घेतला होता की आई शेवटपर्यंत त्यावरून टोमणे मारायची. पण कॅमेऱ्याचं काळं कापड घ्यायचं ठरलं, तेव्हा याच माणसानं उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. बरोबर मी होते आणि अक्का होती. कारण त्या कापडाखाली जायचं होतं अक्काला.

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच नवरा गेला, आणि सासरच्यांनी तिला उज्जैनला आणून सोडलं ते कायमचं. पहाटे राम घाटावर अंघोळ, मग दिवसभर स्वयंपाकघर. अंगावर पांढरं पातळ. घरात काही शुभकार्य असलं की ती आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसायची. कुणी सांगावंसुद्धा लागत नसे, आणि त्याचाच मला भयंकर राग यायचा.

वर आमचं घर आणि खाली अण्णांचा स्टुडिओ. तीन पायांवर उभा असलेला मोठा लाकडी कॅमेरा. त्याच्या पाठीला एक धुरकट काच असायची, तिच्यावर समोरचं माणूस उलटं दिसायचं, खाली डोकं वर पाय. ते नीट दिसायला अंधार लागतो, म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्यायचं, चित्र स्पष्ट करायचं, मग काचेपुढे प्लेट सरकवायची, बाहेर यायचं आणि हातातला रबरी फुगा दाबायचा. झाला फोटो!

मध्य भारत हे नवं राज्य झालं त्याच वर्षी अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. दोन लग्नांचे फोटो अस्पष्ट आले, गिऱ्हाइकांनी दुकानात उभं राहून तमाशा केला. अक्का प्लेटा धुवायला मदत करायचीच. एक दिवस ती कापडाखाली शिरली आणि अण्णांना म्हणाली, "श्रीधर, हे असं स्पष्ट. तुला दिसत नाही का रे?" तिची नजर सुईसारखी होती.

अण्णांना हायसं वाटलं, पण पंचाईतही झाली. येणारी गिऱ्हाइकं बहुतेक नवऱ्या मुली. नटून आलेल्या नवरीसमोर विधवा बाई उभी राहिली, तर कोण येईल आमच्याकडे? अण्णांनी तोड काढली. माणसं यायच्या आधीच अक्कानं कापडाखाली जाऊन बसायचं आणि शेवटचं माणूस जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. विचारलंच कुणी तर सांगायचं, "अंदर हमारा असिस्टंट है।" जुनं कापड मात्र जेमतेम कमरेपर्यंत यायचं.

म्हणून ती खरेदी. साटीन घसरत होतं, घोंगडी टोचत होती. अक्कानं एक दाट विणीचं काळं सुती कापड उचललं, दुकानाच्या दारात उन्हापुढे धरलं, आत डोकं घालून बघितलं. "एक टाचणीएवढा उजेड येत नाही. आणि हलकंही आहे. हेच घे. कमरेपर्यंत पुरे."

"कमरेपर्यंत नको. जमिनीला टेकलं पाहिजे," अण्णा म्हणाले. "ती मखमल बघू. वाऱ्यानं उडत नाही ती."

"मखमल? अरे, वैशाखात माझं भरीत होईल त्यात! आणि काच तर डोळ्यांपुढे असते. पायांचं काय काम?"

अण्णांनी दुकानदाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझं पातळ दिसतं, अक्का."

तिनं ते सुती कापड घडी करून जागेवर ठेवून दिलं. आम्ही मखमल घेऊन घरी आलो.

मग वर्षांमागून वर्षं हेच. देश इंग्रजांच्या हातून सुटला होता, संस्थान राजाच्या हातून सुटलं होतं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, आणि आमची अक्का मखमलीखाली स्टुलावर बसलेली. चित्र स्पष्ट झालं की आतून कॅमेऱ्याच्या लाकडावर बोटानं टकटक करायची, की अण्णा प्लेट घालायचे. एकदा भर वैशाखात एक वऱ्हाड आलं. नवरदेवाच्या कपाळावर बांधायचा फुलांचा सेहरा घरी राहिला होता, तो आणायला माणूस गेला तो गेलाच. वऱ्हाड थंडाई पीत बसलं. मी पायरीवरून त्या काळ्या ढिगाकडे बघत होते. एक काका हसून म्हणाले, "अरे भाई, तुम्हारा असिस्टंट सो तो नहीं गया?" सगळे खो खो हसले. अण्णासुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गेल्यावर अक्का बाहेर आली ती भिंतीला धरूनच. पदर पिळून काढावा इतका भिजला होता.

मी पाणी दिलं आणि विचारलं, "तुला आतून दिसतं तरी काय गं?"

"सगळं दिसतं. पण उलटं," ती म्हणाली. "आणि खरा फोटो निघतो ना, तेव्हा काहीच नाही. प्लेट घातली की काच झाकली जाते. मग नुसता काळोख, आणि तुम्ही बाहेर हसता ते ऐकू येतं. एकदा मला बघायचंय सुले, फोटो निघताना माणसाचं तोंड कसं होतं ते. सुलटं."

"मग ये की बाहेर!"

"खुळी की काय," ती म्हणाली आणि भात लावायला वर गेली.

छप्पन साली मध्य भारतही गेलं आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. त्यातल्याच एका कचेरीतल्या मुलाचं स्थळ मला सांगून आलं. फोटो हवा होता. आईनं मला स्वतःची पैठणी नेसवली, आणि मग हळूच म्हणाली, "वन्सं, रागावू नका हं. सुलूचं पहिलंच स्थळ आहे. तुम्ही आधीच आत जाऊन बसा."

माझ्याच फोटोला! मी तोंड उघडलं, तर अक्कानंच डोळ्यांनी दटावलं. "बसते की. त्यात काय?"

मी खुर्चीवर बसले. लाकडावर टकटक झाली. अण्णांनी प्लेट घातली, फुगा हातात घेतला. "सुलू, भिंगाकडे बघ. हलू नकोस."

आणि मखमल हलली. अक्का बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, दिव्यांच्या उजेडानं डोळे मिचकावत ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली.

"अक्का!" अण्णा ओरडले, आणि दचकून त्यांची मूठ आवळली. फुगा दाबला गेला.

"अगं बाई, वन्सं! हे काय केलंत?" आईनं कपाळाला हात लावला.

 अक्कानं मला पोटभर बघितलं. मग आपल्या हातानं मखमल उचलली आणि परत आत गेली. आतून आवाज आला, "सुले, सुलटी फार गोड दिसतेस गं."

त्या फोटोत मी भिंगाच्या बाजूला बघून हसते आहे. तो भोपाळला पाठवणं शक्यच नव्हतं. अण्णांनी तो धुतला आणि अक्काला देऊन टाकला.

पाठवला तो दुसरा, लगेच काढलेला. अक्का मखमलीखाली, टकटक, प्लेट, सगळं रीतसर. त्यात मी भिंगाकडेच बघते आहे, पण मान खाली जातेय आणि डोळे भरलेत. सासरच्यांना तो फार आवडला. मुलगी लाजाळू दिसते, म्हणाले.

लाजाळू! मी!