पंख्यातली अक्षता

पोरी, फोन जरा कानाजवळ धर अन् आईक; दसऱ्याचं सोनं कोणी फोनवर देते का? आज ताटात ओलं कुंकू कालवलं अन् त्या वासानं तू सुटे भाग आणून घरी जोडलेला तो कॉम्प्युटर आठवला. त्या दसऱ्याले विळा-कुदळीसोबत मी त्यालेही पुजलं होतं. त्याच्या डब्याचं एक झाकण उघडंच होतं, म्हणून आतही चिमूटभर कुंकवाच्या अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी स्क्रीन काळी! संध्याकाळपर्यंत चित्रं पाठवली तरच तुले नागपूरचं काम भेटणार होतं. तू ग्राफिक्स कार्डाचा तो ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा पुन्हा टाकून राहिली होतीस, स्क्रीन घडीभर येऊन जात होती, अन् मी वरून म्हणत होती, "जुनं कार्ड घेतलंच काहून?" दिवेलागणीले तू कार्ड बाहेर काढलं, तर त्याच्या पंख्यात लाल तांदूळ अडकलेला. पंखा फिरत नव्हता, म्हणून कार्ड तापून बंद पडत होतं. काम तर हातचं गेलं. तू तो तांदूळ माझ्या तळहातावर ठेवला अन् म्हणालीस, "राहू दे आजी, कार्ड जुनंच होतं." माझंच बोलणं तू माझ्यावर पांघरलं, ते मले अजून टोचून राहिलं. आता टिळा बाहेरूनच लावीन. तू लवकर ये, अन् एकदा तरी मले रागावून जा.