वाट्यानं दिलेला मासा

मासा म्हणजे रविवारी भिगवणहून येणारी चिलापी, एवढंच मला ठाऊक होतं. मोबाईलमधल्या टाकीत मासे पाळायचा खेळ भाचीनं शिकवला. ती कंटाळली, मी मात्र अडकले. नर-मादीची जोडी लावायची, पिल्लं झाली की रोज खायला घालायचं, विसरलं तर ती मरतात. इंदापूरजवळच्या आमच्या वस्तीवर दुपारी घर निजलं की मी टाकी उघडून बसायची. झालरीसारख्या शेपटीचा एक निळा नर मला मिळाला होता. त्याच्या तोडीची मादी काही केल्या मिळत नव्हती.

एक दिवस खेळातच निरोप आला, 'माझ्याकडं निळी मादी हाय. नर धाडती का?'

निरोप शेजारच्या घरातल्या माझ्या थोरल्या चुलतजावेचा होता. जमिनीच्या वाटण्या झाल्यापासून आमच्या दोन घरांत बोलणं बंद होतं. तिच्या भांड्यांचा आवाज मला घरात ऐकू यायचा, पण समोरासमोर आलो की दोघी दुसरीकडं बघायचो.

मी मुळात संशयी बाई. दूधवाल्याचं माप मी डोळ्यांत तेल घालून बघते. हिला आताच माझा पुळका कसा आला? नर हडपायचा डाव असणार. बरेच दिवस मी उत्तरच दिलं नाही. मग हाव सुटली. आमच्याकडं शेळी वाट्यानं देतात. सांभाळायची दुसऱ्यानं, करडं निम्मी-निम्मी. मीही तसंच लिहिलं, 'वाट्यानं देते. पिल्लं निम्मी माझी, आणि नर परत पाहिजे.' तिचं उत्तर आलं, 'व्हय.' एवढ्या सरळ होकारानं तर माझा संशय वाढलाच.

नर गेला. दुसऱ्याच्या टाकीत डोकवायची सोय खेळात होती. मी येता-जाता डोकवायची. त्याला खायला घातलंय का? पिल्लं झाली तर लपवली नाहीत ना? झाली त्या दिवशी मोजता मोजता माझी भाकरी तव्यावर करपली.

मग एका सकाळी माझ्या टाकीत गर्दी दिसली. नर आला होता, तिची मादी आली होती, आणि एकूण एक पिल्लं. तिची टाकी उघडली तर नुसतं पाणी. सगळं फुकट कोण देतं? पिल्लांना रोग असणार, माझी टाकी नासवायला निघाली ही. मी ती सगळी माझ्याच दुसऱ्या, रिकाम्या टाकीत कोंडली.

दुपारी ती कुंपणापलीकडं शेण भरत होती. तिचा नवरा तिथंच मोटरसायकल पुसत होता. मला राहवलं नाही.

"ताई, सगळीच का धाडली मला?"

तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "राती खेळात तुझं नाव दिसलं ह्यांना. सकाळी मोबाईल माझ्याकडं दे म्हणाले. म्हणून त्याच्या आधी धाडली. हितं उपाशी मेली असती." पाटी खाली ठेवून ती म्हणाली, "तू सारखी येऊन बघायचीस, मला दिसायचं. म्हणलं, हिचा लई जीव हाय त्यांच्यावर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोबाईलच कुंपणावरून तिच्यापुढं धरला. तिच्या नवऱ्याचा हात थांबला. तिनं हात पदराला पुसले आणि मोबाईल घेतला. बराच वेळ ती बोटानं टाकीत शोधत राहिली. मग पिल्लं सापडली.

"ही अशी येगळी का कोंडलीस गं?" तिनं विचारलं.