मुदत संपलेला आवाज

आमच्या हळदीच्या पेढीतले हेडक्लार्क स्वतःला आवाजाचे मोठे जाणकार समजत. फोनवर भाव सांगायला कम्प्युटरचा आवाज घ्यायचं ठरलं, तेव्हा कंपनीने नमुन्याला चार आवाज पाठवले. हे आठवडाभर रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून बसले. "ही बाई लई शिकलेली वाटून राहिली, शेतकरी भेऊन फोनच ठेवंल. अन् हा बाप्या उपाशी हाय." शेवटी एक पसंत पडला. वर्षाचा परवाना आला. त्यातली एकेक अट त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. मुदतीची तारीख तेवढी वाचायची राहिली.

वर्षाने आवाज बंद पडला. मालकाला कळू नये म्हणून हे स्वतःच फोन उचलून मशीनसारखं बोलू लागले. "हळदीचा. आजचा. भाव."

एकदा डोंगरकडा गावचा एक म्हातारा शेतकरी इतक्या मोठ्याने बोलला, की मलाही ऐकू आलं. "इकू का रं बापू आज?"

हेडक्लार्कनी समोरच्या पाटीवर पडलेला भाव पाहिला. मग त्याच सपाट आवाजात म्हणाले, "आज. इकू. नका."

दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याची एकही गाडी आली नाही. गावात चौकशी करून मालक तणतणत आले. "मशीन असं काहून बोलून राहिलं?"

हेडक्लार्कनी शांतपणे चष्मा पुसला. "परवाना आवाजाचा हाय, मालक. अकलेचा आपण घेतलाच न्हाई."