अक्काला न सांगितलेलं वाक्य

अक्काच्या फुप्फुसातली गाठ अचानक सापडली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजवीकडे वर एक डाग दिसला. तिने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. लवकर सापडली म्हणून डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं आणि त्या फुप्फुसाचा वरचा भाग काढून टाकला.

टाके काढायच्या दिवशी ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. गाठ पूर्ण निघाली आहे. पण इतक्या लवकर काढलेला कॅन्सरही काहींना परत होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन चुकवायचा नाही. मग म्हणाले, हे आता यांना तुमच्या भाषेत सांगा.

अक्का शेजारच्या खुर्चीत पदर मुठीत धरून बसली होती. मी म्हणालो, "अक्का, मुळासकट काढलं. संपलं सगळं."

"एवढंच? इतका वेळ बोलत होते की."

"डॉक्टर लोक एकच गोष्ट चारदा सांगतात."

ती हसली. मला फार बरं वाटलं.

आई गेली तेव्हा अक्का सातवीत होती. मी चार वर्षांचा. मला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली. ज्या इंग्रजीच्या जोरावर मी त्या खोलीत पुढे होऊन बोलत होतो, ते तिनेच मला शिकू दिलेलं. नवरा गेल्यावर हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या दोन खोल्यांत ती पोळी-भाजीचे डबे करायची. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली मुलं तिच्या हातचं खाऊन राहायची.

पहिला स्कॅन स्वच्छ आला. दुसऱ्याची वेळ ऐन दिवाळीत आली, फराळाच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या.

"मुळासकट काढलं म्हणालास ना? मग आता काय शोधतेत?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण मग आधी काय लपवलं तेही सांगावं लागलं असतं. "बरं, दिवाळीनंतर बघू," म्हणालो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी आठवण करून दिली नाही. स्कॅन नाही तर रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट नाही तर काही झालेलंही नाही, असं मी स्वतःला समजावत होतो.

उन्हाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. पोळ्या लाटून दुखते, म्हणाली. मी कोठीच्या बाजारातून मलम आणून दिलं. दोन महिने ती ते चोळत राहिली. मग एकदा सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा स्कॅन झाला. डाव्या फुप्फुसात होतं, मणक्यातही होतं.

डॉक्टर पुन्हा इंग्रजीत बोलले. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? फरक पडला असता, कदाचित नसताही, ते म्हणाले. दोन्हीपैकी एक काहीतरी ठाम सांगा, असं मला ओरडावंसं वाटलं. मग ते म्हणाले, यांना सांगा.

"अक्का," मी सुरुवात केली, "औषधं जरा वाढवावी लागतील..."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि खुर्ची डॉक्टरांकडे वळवली. "मेरेकू बोलो साब. इसकू नक्को."

डॉक्टर इथलेच. त्यांची दखनी माझ्यापेक्षा चांगली निघाली. "हौ अम्मा. बीमारी वापस आई. अब जड से नै जाती. दवा से रोकते, जित्ते दिन रुकती."

"कित्ते दिन?"

"वो मैं नै बोल सकता अम्मा."

तिने मान हलवली. दुखणं कमी होईल का, पोळ्या लाटता येतील का, एवढं विचारून घेतलं. मी मध्ये बसून ऐकत होतो. माझी गरज पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

परतताना रिक्षा हिमायतनगरच्या सिग्नलला थांबली, तेव्हा तिने विचारलं, "मागं पण हेच बोलले होते? परत येतं म्हणून?"

"हो."

"अन् तू?"

"तुला भीती वाटेल म्हणून..."

"कुणाला?"

पुढे घरापर्यंत ती बाहेर बघत बसली.

आता डॉक्टरांकडे ती फाईल स्वतः घेऊन आत जाते. मी बाहेर बाकावर बसतो. बाहेर आली की म्हणते, "ठीक आहे म्हणाले, चल." सगळं सांगते की अर्धं, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.