पुसलेली पानं

नाक्यावर गाडी थांबली की ट्रकवाले एकमेकांना विचारायचे, "आज भिंगबाई आहे की नियमराव?" भिंगबाई असली तर निवांत चहा पिता यायचा, कारण ती एकेक पान उलटं करून बघायची. नियमराव असले तर जेवणसुद्धा उरकता यायचं, कारण त्यांचे कागद संपता संपत नसत. दोघांपैकी कोण बरं, यावर ट्रकवाल्यांचं एकमत कधी झालं नाही.

भिंगबाईच्या गळ्यात काळ्या दोरीला एक लहानसं भिंग असे, त्यावरून हे नाव पडलं होतं. बाहेरून येणारी रोपं, कलमं, बियाणं, माती राज्याच्या हद्दीवर तपासायची, कीड किंवा रोग दिसला तर माल अडवायचा, परत पाठवायचा, नाहीतर जाळायचा, असं तिचं काम. सत्तावीस वर्षं ती ते करत होती. घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्याही डोळ्याला भिंग. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे जेवायला बसायची भीती वाटते बाई, भातातला खडा आम्हाला दिसायच्या आधी तुम्हाला दिसायचा."

तिच्या टेबलाच्या खणात एका पाकिटात एक वाळलेलं पान होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक जोडपं नव्या घरासाठी लिंबाची चार रोपं घेऊन आलं होतं. गाडीत तान्हं मूल रडत होतं, ऊन रणरणत होतं, रोपं टवटवीत दिसत होती. तिने पानं वरून बघितली आणि गाडी सोडून दिली. तीन वर्षांनी त्या बाजूची अख्खी बाग तोडावी लागली, आणि उरलेल्या खुंटांचा पंचनामा करायला तिलाच पाठवलं. रोग त्याच चार रोपांतून आला असं कोणी सिद्ध केलं नाही. कोणी तिला विचारलंही नाही. पण तिथलं एक पान तिने आणून ठेवलं. "बाई, एकच तर रोप आहे, सोडा की," असं कोणी म्हणालं की ती खण जरासा उघडायची आणि बंद करायची. मग ती नाही म्हणायची, आणि ते नाहीच राहायचं.

तिचे वडील, आप्पा, हद्दीपलीकडे सहा तासांवर एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या. वय ब्याऐंशी. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून ते पडले आणि दूधवाला येईपर्यंत तीन तास तिथेच पडून राहिले. तेव्हापासून लेक मागे लागली होती, "आता माझ्याकडे या."

"येतो की," आप्पा म्हणायचे. "पण झाड येईल तर."

झाड म्हणजे संत्र्याचं. भिंगबाईच्या आईने अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलेलं. ड्रमला आप्पांनी निळा रंग देऊन वर पांढरी वेलबुट्टी काढली होती. फळ इतकं आंबट, की चोरांनी एकदाच तोडून नेलं आणि पुन्हा कधी ते त्या गल्लीत फिरकले नाहीत. आई जाऊन सात वर्षं झाली होती. आप्पा रोज सकाळी झाडाला पाणी घालताना शेजाऱ्यांच्या चहाड्या सांगत, अगदी आईला सांगायचे तशाच.

"आणा," लेक म्हणाली. "पण नाक्यावर तपासणी होईल. आणि तपासणार नियमराव, मी नाही. घरच्या माणसाचा माल आपण तपासायचा नाही, असा नियम आहे."

"तपासू दे. आपल्या झाडात काय खोट आहे?"

ठरल्या दिवशी टेम्पो आला. ड्रायव्हरने आप्पांना हात देऊन उतरवलं. बरोबर एक बॅग, एक छत्री आणि मागे ओल्या पोत्यात गुंडाळलेला ड्रम. पोतं सोडलं तेव्हा झाड असं लखलखत होतं, की ड्रायव्हर म्हणाला, "सकाळी पाच वाजल्यापासून म्हातारबा ओल्या फडक्याने पानं पुसत होते. एकेक पान. वरून, खालून. साबण लावून."

"परीक्षेला जाताना पोराला न्हाऊ घालतोच की आपण," आप्पा ऐटीत म्हणाले. "पिवळी पडलेली पानंही खुडून टाकली. एक ठेवलं नाही."

भिंगबाईने नियमरावांकडे पाहिलं. नियमराव झाडाभोवती एक फेरी मारून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "काका, तुम्ही पुरावाच धुऊन आणलात."

"कसला पुरावा?"

भिंगबाईने समजावलं. संत्र्या-लिंबाला एक रोग होतो, त्याची खूण पिवळ्या पानांवर उमटते. तो रोग झाडात सगळीकडे सारखा पसरत नाही. हिरवं पान तपासलं तर निर्मळ निघेल आणि शेजारची फांदी आजारी असेल. तो पसरवणाऱ्या किड्याची अंडी कोवळ्या शेंड्यांवर असतात, ती साबणाने गेली. आता झाडाला रोग आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही.

"मग नाही म्हणा," आप्पा म्हणाले.

"तसं म्हणता आलं असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता?" नियमराव म्हणाले. "दोन रस्ते आहेत. झाड आल्या वाटेने परत, किंवा जाळीघरात ठेवायचं. नवी पालवी फुटेपर्यंत."

आप्पांनी लेकीकडे पाहिलं. टेबलाचा खण दोन पावलांवर होता, पण तिने तो उघडला नाही. वडिलांसमोर तिला ते जमलं नाही.

"ठेवा," आप्पा शेवटी म्हणाले. "पण सांगून ठेवतो, झाड सुटलं तर मी राहीन. नाही सुटलं तर माझे ब्रश तिकडेच आहेत, मीही तिकडेच. मुलीच्या दारात रिकाम्या हाताने बसायला मला जमायचं नाही."

बॅग त्यांनी भरलेलीच ठेवली. रोज सकाळी तिच्यातून सदरा काढायचे, रात्री घडी घालून परत आत. जावई एकदा म्हणाला, "आप्पा, कपाटाचा एक कप्पा रिकामा केलाय." आप्पा म्हणाले, "असू दे. पाहुण्याने कप्पा अडवू नये."

रोज दहाच्या सुमारास लेकीबरोबर ते नाक्यावर यायचे आणि जाळीघराबाहेरच्या बाकावर बसायचे. आत जायला बंदी होती. जाळी इतकी बारीक, की झाड धुक्यात उभं असल्यासारखं दिसे. ते बाहेरूनच झाडाशी बोलत. नियमराव जाता-येता ऐकत. एक दिवस म्हणाले, "काका, तुम्ही माझ्याबद्दल त्याला काय सांगता, ते मला ऐकू येतं."

"मग जरा लांबून जात जा."

नाक्याच्या भिंतीवर शासनाची सूचना लावलेली होती. तीन पानं टाइप केलेली, काचेमागे पिवळी पडलेली. बसून कंटाळा आला की आप्पा ती वाचत. "मुंग्यांची रांग लावल्यासारखी अक्षरं," ते लेकीला म्हणाले. "हे वाचून कोणाला काय कळणार? मला कळलं असतं तर मी पानं पुसली असती का?"

पाचव्या आठवड्यात नवी पालवी आली. सातव्यात तिच्यावर पिवळे डाग उमटले. खतपाणी कमी पडलं की शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा येतो. इथे एका बाजूला एक डाग, दुसऱ्या बाजूला भलतीकडेच. भिंगबाईने जाळीबाहेरूनच ओळखलं. तरी प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत ती घरी काही बोलली नाही. कागद आला, आणि त्यात तेच होतं.

त्या दिवशी ती बाकावर आप्पांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्या जुन्या पानाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. चार रोपं, रडणारं मूल, तोडलेली बाग, सगळं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा तिने ते कधी सांगितलं नव्हतं.

आप्पांनी पान उजेडाकडे धरलं. "मी खुडलेली पानं अशीच होती," ते म्हणाले. "अगदी अशीच. मला वाटलं, वय झालंय झाडाचं." मग पान पाकिटात परत ठेवत त्यांनी विचारलं, "जाळावं लागेल?"

"हो."

"माती?"

"तीही तापवून टाकावी लागते."

"ड्रम तरी?"

"ड्रम मिळेल. धुऊन, वाफ देऊन."

आप्पा उठले. "मग टेम्पोवाल्याला फोन कर. उद्या सकाळी निघतो."

संमतीचा कागद घेऊन नियमराव आले. आप्पांनी खिशातून पेन काढलं. नियमरावांनी कागद मात्र पुढे केला नाही. "थांबा," ते म्हणाले. "काल मी नियम पुन्हा वाचले. पहिल्यापासून."

"तुम्ही आणखी काय करणार?" आप्पा म्हणाले.

"सत्तेचाळिसावा नियम. मालकाने अर्ज केला तर झाड नष्ट करण्याआधी त्याचा शेंडा प्रयोगशाळेला देता येतो. शेंड्याचं अगदी टोक. मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. रोग बहुतेक वेळा तिथवर पोचलेला नसतो. ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचेच्या नळीतल्या कोवळ्या रोपावर बसवतात. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत आपल्या नाक्यावरून असा एकही अर्ज गेलेला नाही. मला तर तो भरायची फार इच्छा आहे."

भिंगबाईला हसावं की रडावं कळेना. हा नियम तिनेही वाचला होता, परीक्षेपुरता.

"जगतं का ते?" आप्पांनी विचारलं.

"दहा लावले तर दोन-तीन. आणि जगलं तरी वर्षभर तपासण्या. मुळं दुसऱ्या रोपाची, वरचं सगळं तुमच्या झाडाचं."

"म्हणजे माहेर सुटलं, पण स्वभाव तोच."

"फळही तेवढंच आंबट," लेक म्हणाली.

आप्पांनी दोन्ही कागदांवर सही केली. पाटीवर करावी तशी, ठसठशीत. मागच्या आवारातल्या खड्ड्यात झाड जाळलं तेव्हा ते बाकावरच बसून होते. निघाले मात्र नाहीत. "निकाल लागल्याशिवाय परीक्षा सोडून कोण जातं," एवढंच म्हणाले. बॅग तशीच राहिली. ड्रम धुऊन घरी आला आणि बाल्कनीत रिकामाच उभा राहिला. निळा रंग वाफेने बराच गेला होता.

दहा शेंडे लावले. महिन्याने चार राहिले, मग दोन. त्यांतलं एक पहिल्या तपासणीत गेलं. शेवटचं पहिल्या तपासणीत निर्मळ निघालं, मग दुसऱ्यात. तिसरी, शेवटची, अजून व्हायची होती.

त्याच सुमारास एक बाई नाक्यावर आल्या. हातात मोगऱ्याची कुंडी, पानं तेल लावल्यासारखी चमकत होती. आप्पा बाकावरून उठले. "पुसलीत ना?"

"हो तर. घाण कशी दाखवायची तपासायला?"

"आणि पिवळी खुडलीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

आप्पांनी लेकीकडे पाहिलं, मग काचेमागच्या त्या मुंग्यांकडे. संध्याकाळी त्यांनी स्वतःच टेम्पोवाल्याला फोन लावला. भिंगबाईचा हात भांडी घासता घासता थांबला.

"मी आप्पा बोलतोय," ते म्हणत होते. "घराची किल्ली शेजारच्यांकडे आहे. पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, ब्रशांची. ती घेऊन या. सगळीच. हो, इकडे. आणि निळ्या रंगाचा डबा मिळाला तर बघा."

पेटी आली तेव्हा तिसऱ्या तपासणीचा कागद अजून आलेला नव्हता. आप्पांनी जावयाचं जुनं भिंग मागून घेतलं, कारण आता रेघ वाकडी जायला लागली होती. चार दिवस खपून त्यांनी पत्र्यावर पाटी रंगवली, दहा पावलांवरून वाचता येईल अशी. तपशिलाचा एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून नियमराव शेजारी उभे होते आणि दोनदा ओरडा खाऊन गप्प बसले.

झाडाची पानं पुसून आणू नका.
पिवळी पानं खुडू नका.
आहे तसं दाखवा.

कागद पंधरा दिवसांनी आला. त्याच्याबरोबर काळ्या पिशवीत एक वीतभर रोप, पाच पानं, देठाला शिक्क्याची चिठ्ठी. एवढ्या मोठ्या निळ्या ड्रममध्ये ते बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखं दिसत होतं. कपाटातला कप्पा भरलेला होता. आप्पांनी रोपाला पाणी घातलं, जावयाचं भिंग डोळ्याला लावलं आणि पहिलं पान हळूच उलटं केलं.

"काय दिसतंय?" लेकीने आतून विचारलं.

"धूळ," आप्पा म्हणाले. "असू दे."