साडूभाऊंनी लावलेली किंमत

जिची किंमत काढता येत नाही अशी वस्तू परमेश्वरानं अजून घडवलेली नाही, असं माझ्या साडूभाऊंचं ठाम मत होतं, आणि खुद्द परमेश्वरालाही त्यांनी या नियमातून सूट दिलेली नव्हती. मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारातून त्यांच्याबरोबर निघालं की उजव्या हाताची दुकानं आणि डाव्या हाताची घरं यांच्या किमती लावत लावत आम्ही चौकात पोहोचायचो. एकदा मारुतीच्या देवळापुढे हात जोडून झाल्यावर मला म्हणाले, "जागेची किंमत वेगळी ठेवा. पेटीत वर्साले किती पडते तेवढं कळलं, का सांगतो ह्या देवळाची किंमत." मी म्हटलं, "अहो, देवाची कसली किंमत काढता?" तर म्हणाले, "देवाची नाई जी, देवळाची. देव तं मी नावलौकिकात धरला." आणि पुन्हा एकदा भक्तिभावानं नमस्कार करून पुढे निघाले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरला बी.कॉम. होऊन आले आणि साठ सालाच्या आगेमागे आमच्या गावातल्या एका लहानशा राईस मिलचे मॅनेजर झाले. ही मिल कुणा शेठची नव्हती. गावातल्या वीस-पंचवीस मराठी घरांनी, म्हणजे मास्तर, वकील, ओव्हरसियर आणि लांजीकडचे दोन-चार शेतकरी अशांनी, शंभर-शंभराचे शेअर घेऊन काढलेली ती कंपनी होती. 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द साडूभाऊ आपलं गोत्र सांगावं तसे उच्चारत. मॅनेजर तेच, सेक्रेटरी तेच, रोखपालही तेच. एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीला पत्र लिहायची वेळ आली तर तेही ते लिहीत, आणि उत्तराला उशीर झाला तर स्वतःवरच चिडत.

माझीही किंमत त्यांनी काढली होती. माझं लग्न ठरायच्या वेळी सासऱ्यांनी मुलगा पाहायला म्हणून थोरल्या जावयाला आमच्याकडे पाठवलं. मी तेव्हा कलेक्टर कचेरीत कारकून. साडूभाऊंनी पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, माझ्याशी पावसापाण्याचं बोलले आणि परत जाऊन सासऱ्यांना अहवाल दिला. तो अहवाल बायकोनं पुढे मला जन्मभर ऐकवला. "सरकारी नोकरी हाय. वाढ कमी, पन बुडीत जाणार नाई. मेल्यावरबी पेन्शन येते. घेऊन टाका!" मुलगा स्वभावानं कसा आहे, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते हिशेबात येत नाई. निघाला चांगला तं वरकड फायदा समजा." लग्न झालं. मी वरकड फायद्यात निघालो की नाही, ते बायकोनं अजून जाहीर केलेलं नाही.

घसाऱ्यावर त्यांची फार श्रद्धा. घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत ते दर वर्षी थोडी थोडी उतरवत आणत. छत्री, चपला, खाट, वहिनींचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, स्टोव्ह, काही सुटत नसे. त्यांची सायकल अशी उतरत उतरत शून्यावर आली आणि नेमकी त्याच वर्षी लामत्याच्या बाजारातून चोरीला गेली. आम्ही ठाण्यात गेलो. मुन्शीनं विचारलं, "साइकिल कितने की थी?" साडूभाऊ म्हणाले, "शून्य." मुन्शीनं लेखणी खाली ठेवली. "तो फिर रिपोर्ट काहे की, बाबूजी?" प्रश्न साडूभाऊंना रास्त वाटला. ते शांतपणे उठले आणि आम्ही बसनं घरी आलो. खरा घोटाळा पुढे झाला. पंधरवड्यानं सायकल सापडली. आता शून्य किमतीची वस्तू हिशेबातून बाहेर गेल्यावर परत कोणत्या किमतीला घरात घ्यायची, या विवंचनेत त्यांनी दोन दिवस ती अंगणातच उभी ठेवली होती. शेवटी वहिनींनीच ती ओढून आत आणली.

आणि कर्ज! कर्ज म्हटलं की माणूस विंचू चावल्यासारखा दचके. तंबाखूला कुणाकडून चुना घेणंसुद्धा त्यांना नामंजूर. वहिनींना काय, संसार करायचा होता. त्या मागच्या दारानं शेजारणीकडून वाटीवाटीनं साखर आणत आणि शिधा आला की परत करत. हे एक दिवस उघडकीला आलं. साडूभाऊ भर दुपारी आमच्या घरी आले, टोपी काढून बसले आणि पडेल आवाजात म्हणाले, "भाऊ, माह्या घरात कर्ज उभं राह्यलं, अन् मॅनेजमेंटले पत्ता नाई." कुणी गेलं की काय अशा भीतीनं माझी बायको बाहेर आली. चार वाट्या साखरेचं प्रकरण आहे म्हटल्यावर तिला हसू आवरेना, तेव्हा हे तिच्यावरही रागावले.

पण मिलीत हेच खूळ सोन्यासारखं होतं, हे कबूल केलं पाहिजे. धानाच्या हंगामात लांजीकडून, बैहरच्या खालच्या गावांतून बैलगाड्या येत. दुसऱ्या मिलवाले शेतकऱ्याला चिठ्ठी देत: आठ दिवसांनी ये, पंधरा दिवसांनी ये. साडूभाऊंचा नियम असा की धान मापून झालं की बैल परत जुंपायच्या आत शेतकऱ्याच्या हातात रोकड पडली पाहिजे. "नफा पाहुणा हाय, भाऊ. येते, जाते. रोकड घरची बाई हाय. ते उठून गेली का चूल बंद." त्यामुळे चांगला चिन्नोर, म्हणजे आमच्याकडचा वासाचा बारीक तांदूळ, आधी आमच्या दारी येई. त्याच चिन्नोरापायी कंपनीत एक गमतीची रीत पडली होती. डिव्हिडंड रोख द्यायचा म्हटला की रोकड जाते, म्हणून सुरुवातीच्या एका अडचणीच्या वर्षी साडूभाऊंनी भागीदारांना डिव्हिडंडाऐवजी चिन्नोर तांदूळ दिला. बायकांना तो इतका आवडला की पुढे रोख डिव्हिडंड कुणी मागेचना. नवा तांदूळ निघाला की वार्षिक सभा, सभेला पिशव्या घेऊन सहकुटुंब हजेरी, आणि ठराव वाचून होण्याआधी तांदळाचा वास घेणं सुरू. बायकोच्या नावावर पाच शेअर होते म्हणून मीही तिच्याबरोबर मागे बसायचो. होता होता लोक विसरूनच गेले की शेअर म्हणजे मिलीचा हिस्सा असतो. आमच्या लेखी शेअर म्हणजे वर्षाचा तांदूळ.

आता साडूभाऊंच्या एका स्वप्नाबद्दल सांगायला हवं. आमच्या मिलीतला धान सडायचा जुना हलर चिन्नोराचा बारीक दाणा मोडायचा. मिलीत गेलं की साडूभाऊ तळहातावर मूठभर तांदूळ घेऊन अख्खे दाणे एका बाजूला आणि कणी दुसऱ्या बाजूला करत उभे असत. "पाह्यलं? आपला नफा लंगडत चालला." कलकत्त्याकडे नव्या तऱ्हेची मशीन मिळत होती, रबराच्या रुळांची, दाणा न मोडणारी. ती कर्ज न काढता घ्यायची, म्हणून ते वर्षानुवर्षं नफ्यातला थोडा थोडा भाग बाजूला टाकून गंगाजळी साठवत होते. स्वतःला नवा कोट त्यांनी शिवला नाही, पण त्या मशीनीसाठी मिलीत चौथरा बांधून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो रिकामा चौथरा ते असा दाखवत की आपणही हात जोडावे की काय असं वाटे. अखेर एका वर्षी गंगाजळी मशीनीपुरती झाली. तेव्हा ते आमच्याकडे पेढे घेऊन आले. त्यांनी पेढे आणलेले मी तेवढेच पाहिले.

नेमक्या त्याच वर्षी माईंनी आपले शेअर विकायला काढले. माई म्हणजे कंपनी काढणाऱ्यांतल्या एका ओव्हरसियरांच्या पत्नी. ते बैहरच्या रस्त्यांवर काम करता करता तापानं गेले. मूलबाळ नाही. माई लोकांचे कपडे शिवून, भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. घरमालक रायपूरला मुलाकडे जाणार होता, म्हणून घर विकत होता. तुम्ही घेता का, असं त्यानं माईंना आधी विचारलं. नाही घेतलं तर लांजीला दिराच्या घरी जायचं. दीर भला होता, पण जावेच्या हाताखाली उरलेला जन्म काढायचा म्हणजे काय, हे बायकांना सांगावं लागत नाही. माईंकडे वीस शेअर होते. कंपनीच्या नियमाप्रमाणे शेअर बाहेरच्याला विकता येत नव्हते, भागीदारांनीच घ्यायचे होते. वीस शेअरांचे दोन हजार. घराला पाच हजारांवर लागत होते. म्हणजे लांजीच.

सभा भरली. अध्यक्ष आमच्याच गावातले एक वकीलसाहेब होते. त्यांनी सांगितलं, "माईंचे शेअर शंभरानं सगळ्यांनी वाटून घ्यावे. माईंचीही ना नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात साडूभाऊ उभे राहिले.

"शंभर काहून?"

"शेअरवर शंभर छापलं आहे म्हणून."

"छापलं ते कंपनी काढली तवा. आता मिलची जागा पाहा, टेशनाजवळची. गोदाम पाहा, गंगाजळी पाहा. नफा पाहा. मी सगळ्या रीतीनं काढून पाह्यलं. एका शेअरची किंमत दोनशे ऐंशीच्या खाली येत नाई."

सभेतली पिशव्यांची सळसळ थांबली. मग माईच घाबरून बोलल्या, "राहू द्या ना जी. माह्या मालकानं शंभरच भरले होते. मले शंभर पुरे."

साडूभाऊ कडाडले, "माई, तुमी चूप राहा! तुमाले हक्क नाई आपल्या मालकाचा माल असा सस्त्यात घालवाचा."

भर सभेत एखाद्या बाईच्या बाजूनं तिच्यावरच ओरडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माई उठून बाहेर जाऊन बसल्या; पुढचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, "किंमत बरोबर असेल. पण एवढे पैसे कोणाच्या खिशात आहेत?"

"खिशात नाई, गंगाजळीत हाय. यंदा तांदूळ नका वाटू. गंगाजळीतून रोख डिव्हिडंड वाटा. त्याच पैशातून सगळे मिळून माईचे शेअर घ्या. माईलेबी आपल्या शेअरांचा डिव्हिडंड भेटते; तो अन् शेअरचे पैसे मिळून माईच्या हाती पूर्ण किंमत पडते."

"आणि तुमची मशीन?" वकीलसाहेबांनी हळूच विचारलं.

साडूभाऊंनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "मशीन थांबते जी. घरमालक थांबत नाई."

"मग मशीनीसाठी बँकेचं कर्ज काढू की."

"नाई. गंगाजळी खाली अन् वरून व्याज? एका वर्सी पानी नाई आला तं भागीदार थांबते, व्याज थांबत नाई. धान इकून शेतकरी दारात उभा राहीन अन् आपन त्याले चिठ्ठी देऊ? माह्यानं नाई होणार."

पहिला हात वर झाला तो माझ्या बायकोचा. मग एक एक करत सगळे वर झाले, काही अगदी कष्टानं. त्या वर्षी पिशव्या रिकाम्या घेऊन लोक घरी गेले आणि बरेच दिवस साडूभाऊंना रस्त्यात कुणी राम राम घातला नाही. माईंनी घर घेतलं.

गंमत अशी की पुढची तीन वर्षं पाणी उत्तम पडलं. कर्ज घेतलं असतं तर ते आरामात फिटून मशीन केव्हाच आली असती. हे मी त्यांना म्हणालोही. ते म्हणाले, "पाऊस काय सांगून येते, भाऊ?" आणि पुन्हा गंगाजळी साठवायला लागले. पण आता भाव चढले होते. गंगाजळी एक पाऊल टाकी तोवर मशीनीची किंमत दोन पावलं पुढे जाई. चौथऱ्यावर हमाल जेवायला बसू लागले. साडूभाऊ निवृत्त झाले तेव्हाही मिलीत तोच जुना हलर खडखडत होता.

त्यांच्या शेवटच्या हंगामातली गोष्ट. मी मिलीत त्यांच्यासमोर बसलो होतो. माई तांदूळ घ्यायला आल्या. शेअर गेल्यापासून त्या रोखीनंच घेत. आपलं घर, पुढे ओसरीवर शिवणाची मशीन, दोन पोरी शिकायला येणाऱ्या. बाई आता चांगल्या ठसक्यात बोलू लागल्या होत्या. त्यांनी पोत्यातून मूठभर तांदूळ काढला आणि सरळ साडूभाऊंच्या टेबलावर आपटला.

"हे पाहा! अर्धी कणी हाय. भात करू का लापशी करू? अख्ख्या गावात नव्या मशिनी आल्या, तुमालेच काहून नाई आणता येत? इतकं कंजूस माणसानं असू नये जी!"

मशीनीचे पैसे कुठे गेले ते सांगायला मी उठणार, तेवढ्यात साडूभाऊंनी टेबलाखालून माझा गुडघा असा दाबला की मी ओरडायचाच बाकी राहिलो.

"हौ माई," ते अपराध्यासारखे म्हणाले, "खरं हाय तुमचं. रोकड जमली का आणतो." मग हमालाला हाक मारून त्यांनी माईंसाठी दुसरं पोतं उघडायला लावलं. माई पुटपुटत, पण समाधानानं, आपल्या घरी गेल्या. साडूभाऊ टेबलावरचा तांदूळ निवडत बसले, अख्खे दाणे एकीकडे, कणी एकीकडे. मला त्यांच्याकडे बघवेना आणि उठून जाववेना.