आत माणूस आहे

दत्तोबा सोनटक्के भित्रा आहे असं मी म्हटलं, तर चाकणच्या आमच्या कंपनीतली जुनी माणसं मलाच वेड्यात काढतील. पत्रे दाबून गाडीचे दरवाजे काढणारी अवाढव्य प्रेस, तिचा वरचा जबडा डोक्यावर टांगलेला, आणि हा फिटर पान्हा घेऊन त्यात असा शिरायचा, जसा काही घरच्या माळ्यावरून डबा काढायला चढलाय. मी स्टोअरमध्ये होतो. बोल्ट न्यायला आला की मी हटकून विचारायचो, "दत्तोबा, भीती नाही वाटत?" तो नुसता खिशावर थाप मारायचा. खिशात किल्ली असायची.

ती किल्ली त्याच्या लाल कुलपाची. मशीनमध्ये माणूस उतरणार असला की मेन स्विच पाडून त्याला फिटरने स्वतःचं कुलूप लावायचं आणि वर पाटी अडकवायची, 'आत माणूस आहे'. किल्ली एकच, ती आत गेलेल्याच्या खिशात. शिवाय स्विचपाशी एक जण पहाऱ्याला. आतला बाहेर येईस्तोवर त्याने जागा सोडायची नाही. चहा आला तरी नाही, मोठा साहेब आला तरी नाही. दत्तोबा हा पहारा मात्र टाळायचा. "मी जातो आत, तू थांब भाऊ," म्हणत दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचा. आम्ही म्हणायचो, काय हौस आहे या माणसाला घाण अंगाला लावून घ्यायची!

आता आम्ही दोघं निवृत्त आहोत. कासारवाडीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे त्याच्या घरातली फोडणीसुद्धा मला आधी कळते. त्याची वर्षाली ताथवड्याच्या कॉलेजात शिकली, तिथल्याच मिहिरशी तिचं लग्न झालं आणि दोघं न्यूझीलंडला गेली. मिहिर पोरगा चांगला, पण अबोल. सासरा-जावयाचं बोलणं 'प्रवास बरा झाला ना' आणि 'हो बाबा' यापुढे कधी सरकलंच नव्हतं.

अशात या वर्षी अधिक महिना आला आणि दोघं सुट्टी काढून इकडे आली. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. दत्तोबाच्या बायकोने, इंदुताईंनी, आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. पंगतीला मीही होतो. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून झाले आणि इंदुताई म्हणाल्या, "जावईबापू, संकोच करू नका. काय हवं ते मागा."

मिहिर ताटाकडे बघत म्हणाला, "वस्तू काही नको. दिवाळीनंतर बाबांनी आमच्याकडे यावं. आणि माझ्याबरोबर नदीवर यावं, मासे धरायला."

"येतो की!" दत्तोबा म्हणाला. एवढंच ना? त्याच्या डोळ्यांपुढे काठावरचं झाड, गळ, तंबाखू आणि निवांत गप्पा आल्या असणार. माझ्यासुद्धा आल्या.

जावई परत गेला आणि वर्षालीने व्हिडिओ पाठवला. फेसाळत धावणारी नदी, तिच्या मधोमध कमरेइतक्या पाण्यात उभा मिहिर, हातात लवलवती काठी. काठीची दोरी तो मागे फेकतो, पुढे फेकतो, टोकाला पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. मासा तिला फसतो. मग त्याला हातात धरायचं, बघायचं आणि परत पाण्यात सोडायचं.

"सोडायचाच, तर त्या बिचाऱ्याला बोलवायचं कशाला?" मी म्हणालो.

दत्तोबा हसला नाही. तो माशाकडे बघतच नव्हता. मिहिरच्या कमरेभोवती पाणी कसं वळसा घेत होतं, तेवढंच तो बघत होता. पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होता.

हा माणूस बीडकडचा. त्याच्या गावच्या नदीत वर्षातला बहुतेक काळ पोरं क्रिकेट खेळतात. पोहणं सोडा, वाहत्या पाण्यात घोटा बुडवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तीर्थाला गेला तरी वरच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करणार.

"सांगून टाक की जावयाला, पाण्याची भीती वाटते म्हणून," मी म्हणालो.

"अधिकात दिलेला शब्द हाय, प्रभाकर. अन् पोरीच्या घरी काय कळवू? तुझा बाप भितोय म्हणून?"

मग तयारी सुरू झाली. मिहिरने एक काठी पाठवली, सराव करा म्हणून. दत्तोबाने गच्चीवर पहिला झोका टाकला आणि शेजारच्या इमारतीतल्या सुमनताईंच्या वाळत घातलेल्या साडीला माशी अडकली. सुमनताईंनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मला ते दिवस बरे वाटले. निदान हसायला तरी मिळत होतं.

दुसऱ्या खोक्यातून छातीपर्यंत येणारा रबरी पायजमा निघाला. त्यालाच मोजे जोडलेले, वर पट्टे. दत्तोबा तो घालून बाहेरच्या खोलीत उभा राहिला आणि इंदुताई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. तेवढ्यात मी शहाणपणा केला. मोबाइलवर शोधून त्याला वाचून दाखवलं, की माणूस पडला आणि या पायजम्यात पाणी शिरलं तर उठणं जड जातं. दत्तोबाचा चेहरा उतरला. पट्टे काढून त्याने पायजमा पुन्हा खोक्यात कोंबला. माझी जीभ मला नको तिथे नडते, ती अशी.

त्यानंतर त्याचं जेवण कमी झालं. पवनेच्या पुलावरून रिक्षा गेली की तो डोळे मिटून घ्यायचा. एकदा दारात उभा राहून मला म्हणाला, "मशीन बंद करता येतंय. नदीला स्विच कुठं हाय?"

 मग मीच सुचवलं, की आधी इथल्या नदीत पाय टाकून बघ. आमच्या कंपनीची बस चालवणारा चिमाजी राजगुरुनगरजवळचा. भीमेच्या काठी त्याचं शेत, आणि तो त्या नदीतच वाढलेला. दसऱ्यानंतर पाणी उतरलं तसे एका सकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो. इंदुताईंना सांगितलं, चिमाजीकडे हुरड्याचं विचारायला चाललोय. त्यांना ते खरं वाटलं असेल असं नाही.

दत्तोबाने पिशवीतून जाड दोरी काढली. एक टोक कमरेला बांधलं. दुसरं टोक काठच्या बाभळीला वेढून त्याच्या फासात आपलं जुनं लाल कुलूप अडकवलं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने ते त्याला आठवण म्हणून दिलं होतं. कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आवं, गाठ पुरंल की! बाभळ काय पळून जाती व्हय?" चिमाजी म्हणाला.

दत्तोबाने ऐकलं नाही. रबरी पायजमा चढवून पट्टे आवळले आणि तो पाण्यात उतरला. घोटा, पोटरी, गुडघा. तिथे तो थांबला. मला वाटलं, जमतंय की गड्याला. मग त्याचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं, आवाज निघत नव्हता. पायाखालची वाळू सरकत होती, ते काठावरून आम्हाला दिसत नव्हतं, पण त्याला कळत होतं. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"या म्हागारी! काय न्हाई व्हत!" चिमाजी ओरडला.

दत्तोबा हललाच नाही.  मी खुळ्यासारखी दोरी ओढली, आणि ओढायला नको होती. तो आडवा झाला, डोकं पाण्याखाली गेलं. चिमाजीने उडी घेतली, काखेत हात घालून त्याला उचललं आणि काठावर आणून आदळलं. सगळं क्षणात झालं. गुडघाभर पाण्यात माझा मित्र माझ्या हातून बुडत होता.

खोकून झाल्यावर दत्तोबाने पहिला हात खिशाकडे नेला. किल्ली नदीत गेली होती. कमरेची ओली गाठ काही सुटेना, तेव्हा चिमाजीने कोयत्याने दोरी कमरेपाशी कापली, मग बाभळीपाशीही. कुलूप फासासकट बाभळीलाच राहिलं.

"मी मरणार हाय तिकडं," दत्तोबा म्हणाला आणि रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिला नव्हता. कुठे बघावं ते मला कळेना. मग त्याने नाक पुसलं आणि माझा फोन मागितला. "खरं सांगून टाकतो. शब्द मोडला तर मोडला."

तिकडे संध्याकाळ झाली होती. फोन स्पीकरवर होता. "मिहिरराव," दत्तोबा म्हणाला, "मला पाण्याचं भ्या वाटतंय. आज उतरून बघितलं. न्हाई जमत. तुमी मागितलं ते मला देता येत न्हाई. माफ करा."

 मग मिहिर हळूच म्हणाला, "एक मिनिट बाबा, बाहेर येतो." दार लागल्याचा आवाज आला.

"बाबा, पाण्यात तुम्ही कशाला उतरलात? मी तुम्हाला काठावर उभं राहायला बोलावलं होतं. काठी काठावरूनही टाकता येते. तो पायजमा थंडीसाठी आहे, वाटेत लहान ओढे लागतात म्हणून." त्याने श्वास घेतला. "मागच्या हंगामात मी वाहून गेलो होतो. पडलेल्या एका झाडाला अडकलो म्हणून वाचलो. वर्षालीला सांगितलेलं नाही. तेव्हापासून पाण्यात पाय टाकला की अंग कापतं. पण जायचं सोडवत नाही. वर्षाली तुमच्या प्रेसच्या गोष्टी सांगते ना, त्या पहाऱ्याच्या माणसाच्या. वाटलं, तुम्ही काठावर असाल तर भीती जाईल. तुमच्याकडे दुसरं काय मागणार होतो मी?"

मला इतकं हलकं वाटलं की मी दत्तोबाच्या पाठीत धपाटाच घातला. सुटला बिचारा! काठावर खुर्ची टाकायची, बघत बसायचं.

पण दत्तोबाचा चेहरा पाण्यात होता त्याहून पांढरा पडला होता.

"मिहिरराव," तो म्हणाला, "मी येईस्तोवर नदीत उतरायचं न्हाई. मला शब्द द्या."

"हो बाबा."

"हो न्हाई. शब्द द्या."

"शब्द देतो," मिहिर म्हणाला.  फोन बंद झाला.

"अरे, आता कसलं टेन्शन?" मी म्हणालो. "तुला आत जायचंच नाही."

"आत जाणं सोपं असतंय रे," दत्तोबा म्हणाला. "किल्ली आपल्या खिशात असती. बाहेर उभं राहिलं की दुसऱ्याचा जीव आपल्यापाशी. हात जरा इकडं तिकडं झाला तर? जन्मभर मी त्या पहाऱ्यापासून पळालो, प्रभाकर. भ्या वाटायचं म्हणून पळालो. तुमाला वाटायचं हौस हाय." त्याने नदीकडे बघितलं. "अन् हा तर वर्षालीचा नवरा हाय. तो वाहायला लागला तर मी काठावर टाळ्या वाजवू का?"

"मग सांग त्याला, सोड तो नाद."

"मी न्हाई म्हटलं तर एकटाच जाईल. चोरून जाईल."

हे खरं होतं.  मग दत्तोबा उठला. उरलेली दोरी उचलून त्याने चिमाजीच्या हातात दिली.

"कमरेला बांध. अन् आत जा."

"म्या?" चिमाजी हसला. "जावई व्हऊ म्हनता?"

"हो. पार मधी जा."

चिमाजी दोरी बांधून पाण्यात शिरला. छातीपर्यंत गेल्यावर वळून हात हलवला. दोरीचं दुसरं टोक दत्तोबाने मनगटाला गुंडाळलं आणि तो पुन्हा उतरला. घोटा, पोटरी, गुडघा. या वेळी त्याच्या कमरेला काही नव्हतं.  ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव असेल. पण नजर चिमाजीच्या डोक्यावरून ढळली नाही.

चिमाजीची बायको बांधावरून चहा घेऊन आली. मी हाक मारली, "दत्तोबा, चहा!" ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडलो, "अरे, निवतोय, ये घोटभर घेऊन जा!"

त्याने मान वळवली नाही.

"आत माणूस हाय," तो म्हणाला.